डाळ बंद केलीत, पण गोळी का सोडलीत?

युरिक ॲसिड वाढलं की आपल्याकडे पहिली गदा येते ती डाळीवर. तूरडाळ बंद, पालक बंद, फ्लॉवर बंद, टोमॅटो बंद, मटकी-वाटाण्याचं तर नावच काढायचं नाही. मी कोल्हापुरात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, रोज सकाळी युरिक ॲसिडची सॅम्पल लावते, आणि रिपोर्ट न्यायला आलेली माणसं काउंटरपाशी उभी राहून एकमेकांना हीच यादी सांगत असतात. आमच्या अप्पांनाही गाऊट (युरिक ॲसिडचे खडे सांध्यात साठून होणारा संधिवात) आहे, त्यामुळे ही यादी व्हॉट्सॲपवरून आमच्या घरात पण आली होती आणि आईने ती मनापासून पाळली. घरात आमटी होईना. आणि गंमत म्हणजे डाळ एवढी कडक बंद, पण युरिक ॲसिड उतरवायची गोळी मात्र पाय दुखायचा थांबला की लगेच बंद. "आता दुखत नाही ना, मग कशाला गं औषध?" हे अप्पांचं वाक्य मी काउंटरवर पण इतक्या लोकांकडून ऐकलंय की शेवटी म्हटलं, यावर संशोधन काय सांगतं ते नीट लिहून काढावं.

आधी डाळीचं बघू. अमेरिकेत ४७ हजारांवर पुरुषांचा १२ वर्षं मागोवा घेतला होता, २००४ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये तो अभ्यास आला. या १२ वर्षांत त्यातल्या ७३० जणांना नव्याने गाऊट झाला. मटण-बीफसारखं मांस आणि मासे-कोळंबी जास्त खाणाऱ्यांना धोका जास्त दिसला, दूध-दही घेणाऱ्यांना कमी दिसला, आणि ज्या भाज्या-कडधान्यांत प्युरीन (शरीरात मोडून ज्याचं युरिक ॲसिड होतं तो घटक) जास्त म्हणून आपण त्या घाबरून टाकतो ना, पालक, फ्लॉवर, वाटाणा, शेंगवर्गीय वगैरे, त्यांचा गाऊटशी संबंधच दिसला नाही. म्हणजे प्युरीन आहे हे खरं, पण भाजीतल्या प्युरीनने गाऊट वाढला असं काही दिसलं नाही. मग ज्या घरात प्रोटीन म्हणून मुख्य आधार डाळीचाच, तिथे तीच काढून घ्यायची हे मला बघवत नाही, विशेषतः म्हाताऱ्या माणसांच्या ताटातून.

पथ्य अजिबात नको असं मी म्हणत नाही हां. बिअरचा संबंध पक्का आहे, बाकी दारूपेक्षाही जास्त. आणि ज्याच्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही ते म्हणजे गोड कोल्ड्रिंक, त्यातली फ्रुक्टोज नावाची साखर शरीरात मोडताना युरिक ॲसिड तयार होतं, २००८ च्या अभ्यासात दिवसाला दोन किंवा जास्त गोड ड्रिंक पिणाऱ्या पुरुषांत गाऊटचा धोका ८५ टक्के जास्त निघाला. आपल्याकडे गाऊटवाल्या माणसाला आमटी देत नाहीत आणि पाहुणा म्हणून गेला की हातात थंडगार बाटली देतात. वजन, मटणाचं प्रमाण, कलेजी-भेजा, हे पण बघायलाच हवं. पण पथ्याने आकडा खाली येतो तो थोडाच. २०१८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अमेरिकेतल्या युरोपीय वंशाच्या १६ हजारांवर लोकांचा हिशोब आला, त्यात माणसामाणसातल्या युरिक ॲसिडच्या फरकापैकी आहाराच्या पद्धतीमुळे समजावता येणारा भाग अर्धा टक्कासुद्धा नव्हता, आणि जनुकांमुळे जवळपास २४ टक्के. आपल्या लोकांवर तोच आकडा जसाच्या तसा लागू होईल असं नाही, पण "तुम्ही खाताच तसं म्हणून झालं" असं कुणाला सुनावण्याआधी थांबावं एवढं तरी यातून कळतं. बहुतेक पेशंटमध्ये अडचण ही असते की किडनी युरिक ॲसिड पुरेसं बाहेर टाकत नाही, आणि ते बरंचसं जन्मजात असतं. शिवाय बीपीच्या गोळीच्या नावापुढे 'एच' असेल तर त्यात बहुतेक वेळा हायड्रोक्लोरोथायाझाइड असतं, लघवी जास्त होण्याचं औषध, ते युरिक ॲसिड वाढवतं. उलट लोसार्टन हे बीपीचंच दुसरं औषध ते थोडं उतरवतं. हे डॉक्टरांना विचारण्यासारखं आहे, आपल्या मनाने बीपीची गोळी बदलायची मात्र नाही.

आता माझ्या टेबलावरची एक गोष्ट सांगते. युरिक ॲसिड मोजायला जे रिएजंट (तपासणीचं रसायन) येतं त्यात युरिकेज नावाचं एन्झाइम असतं. ट्यूबमध्ये एक एमएल रिएजंट, त्यात अगदी थेंबभर सिरम (रक्तातला पातळ भाग), काही मिनिटं ३७ डिग्रीला ठेवायचं, आणि पाण्यासारखं दिसणारं ते मिश्रण हळूहळू गुलाबी होत जातं, जेवढं युरिक ॲसिड जास्त तेवढा रंग गडद. हेच युरिकेज कुत्र्याच्या, उंदराच्या, बहुतेक सस्तन प्राण्यांच्या शरीरात असतं आणि ते युरिक ॲसिड मोडून सहज विरघळणारा पदार्थ बनवतं. माणूस आणि वानरं यांच्या पूर्वजांमध्ये कोट्यवधी वर्षांपूर्वी ते जनुक बिघडलं, म्हणून आपल्या रक्तात युरिक ॲसिड मुळातच इतर प्राण्यांपेक्षा कितीतरी जास्त. रोज ती ट्यूब गुलाबी होताना बघते तेव्हा वाटतं, जे आपल्या शरीरात असायला हवं होतं ते आपण बाटलीतून विकत आणतोय, तेही फक्त मोजण्यापुरतं.

आणि मोजलेला आकडा लोक कसा वाचतात हा माझा खरा मुद्दा आहे. रिपोर्टवर पुरुषांसाठी नॉर्मल म्हणून साधारण ७.२ पर्यंत छापलेलं असतं. त्यामुळे ६.९ आलं की माणूस खूश, ठळक अक्षरात नाही ना, म्हणजे नॉर्मल. पण युरिक ॲसिड रक्तात विरघळून राहण्याची मर्यादा ६.८ च्या आसपास आहे. त्याच्या वर ते साखरेच्या पाकासारखं वागतं, प्रमाण जास्त झालं आणि थोडं गार झालं की खडे धरायला लागतं, आणि शरीरात गार जागा कुठली तर पायाचा अंगठा. म्हणून ज्याला गाऊटचा ॲटॅक येऊन गेलाय त्याच्यासाठी टार्गेट ७.२ नाही, ६ च्या खाली आहे, आणि त्वचेखाली युरिक ॲसिडच्या गाठी दिसत असतील तर बरेच तज्ज्ञ ५ च्या खाली ठेवा म्हणतात. ६ च्या खाली राहिलं की आधी साठलेले स्फटिक पण हळूहळू विरघळून जातात. हळूहळू म्हणजे महिनोन्महिने, कधी वर्षं. अजून एक, ऐन ॲटॅकमध्ये आकडा नॉर्मल येऊ शकतो. अंगठा लालबुंद सुजलेला, चादरीचा स्पर्श सहन होत नाही आणि रिपोर्ट ५.८, असे पेशंट येतात आणि "म्हणजे गाऊट नाही" म्हणून निघून जातात. सूज उतरल्यावर दोनेक आठवड्यांनी परत तपासायला हवं असतं.

ॲलोप्युरिनॉल ही जी युरिक ॲसिड उतरवणारी जुनी, स्वस्त गोळी आहे तिच्यामागे गर्ट्रूड एलियन नावाची बाई आहे आणि मला तिच्याबद्दल फार प्रेम आहे. न्यूयॉर्कची. केमिस्ट्रीत हुशार, पण बाई म्हणून लॅबमध्ये नोकरी मिळेना, तर काही काळ तिने एका किराणा कंपनीसाठी लोणच्याचा आंबटपणा तपासण्याचं काम केलं. १९४४ मध्ये ती जॉर्ज हिचिंग्जच्या लॅबमध्ये लागली. हे लोक ब्लड कॅन्सरच्या एका औषधावर काम करत होते, त्या औषधाला शरीरातलं झँथिन ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम लवकर मोडून टाकायचं, ते थांबवायला त्यांनी ॲलोप्युरिनॉल वापरून पाहिलं, आणि लक्षात आलं की त्याने पेशंटचं युरिक ॲसिड पण उतरतंय, कारण युरिक ॲसिड बनवणारं एन्झाइम पण तेच. १९६६ मध्ये गाऊटसाठी गोळीला अमेरिकेत मान्यता मिळाली, १९८८ मध्ये दोघांना नोबेल, तेही एलियनकडे पीएचडी नसताना. (याच कारणाने जे अझाथायोप्रिन, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध, ज्यातून शरीरात तेच कॅन्सरचं औषध बनतं, घेतात त्यांनी डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं, दोन्ही एकत्र घेतलं तर ते औषध अंगात जास्त साठतं.)

मग इतकी वर्षं औषध आहे तर लोकांचा आकडा खाली का येत नाही? मला वाटतं सगळ्यात मोठं कारण पहिल्या काही महिन्यांत आहे. गोळी सुरू केली की साठलेले स्फटिक हलायला लागतात आणि ॲटॅक उलट वाढू शकतात. पेशंटला कुणी हे सांगितलेलं नसतं, त्याला वाटतं गोळीनेच त्रास झाला, तो सोडून देतो, अप्पांनी पण पहिल्यांदा अशीच सोडली. म्हणून अमेरिकेतल्या संधिवात तज्ज्ञांच्या २०२० च्या मार्गदर्शनात लिहिलंय की सुरुवात १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी, किडनी कमजोर असेल तर आणखी कमी, मग आकडा बघत बघत डोस वाढवायचा, आणि सुरुवातीचे ३ ते ६ महिने सोबत कमी डोसमध्ये कोल्चिसिनसारखं ॲटॅक रोखणारं औषध. कमी डोसने सुरुवात करण्याचं अजून एक कारण, काही थोड्या लोकांना ॲलोप्युरिनॉलची त्वचेवर फार गंभीर रिॲक्शन येते, तैवानमध्ये २००५ साली अशा ५१ पेशंटची तपासणी केली तर ५१ च्या ५१ जणांत एचएलए-बी ५८०१ हे जनुक निघालं. अंगावर पुरळ आलं तर "उष्णता झाली असेल" म्हणून बसायचं नाही, गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरकडे.

माझा सगळ्यात आवडता अभ्यास इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचा आहे, २०१८ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेला. गाऊटचे ५१७ पेशंट, निम्मे नेहमीप्रमाणे आपापल्या डॉक्टरकडे, निम्मे ट्रेनिंग दिलेल्या नर्सकडे. नर्सकडे नवीन औषध काही नव्हतं, तेच ॲलोप्युरिनॉल. फक्त ती पेशंटसमोर बसायची, हा आजार काय आहे, सुरुवातीला ॲटॅक का येतील, आकडा कुठवर न्यायचाय हे समजावायची, त्याची भीती ऐकून घ्यायची आणि रक्त तपासत डोस वाढवायची. दोन वर्षांनी नर्सकडच्या ९५ टक्के लोकांचं युरिक ॲसिड ६ च्या खाली, आणि दुसऱ्या गटात ३० टक्के. दुसऱ्या वर्षात दोन किंवा जास्त ॲटॅक आलेले नर्सच्या गटात ८ टक्के, दुसरीकडे २४. हे वाचून मी अप्पांना जवळ बसवून कागदावर ६ ची आडवी रेघ काढून दाखवली होती, त्यांच्या जुन्या रिपोर्टचे ठिपके वर, पाय दुखल्याच्या तारखा खाली. त्यानंतर त्यांनी गोळी सोडलेली नाही आणि घरात आमटी परत सुरू झाली.

फेबुक्सोस्टॅट या युरिक ॲसिड उतरवणाऱ्या दुसऱ्या गोळीबद्दल पण लोक घाबरून विचारतात, कारण २०१८ मध्ये आलेल्या केअर्स नावाच्या मोठ्या चाचणीत हृदयविकार असलेल्या गाऊटच्या पेशंटमध्ये फेबुक्सोस्टॅटच्या गटात हृदयाने होणारे मृत्यू थोडे जास्त दिसले (४.३ टक्के, ॲलोप्युरिनॉलच्या गटात ३.२), आणि अमेरिकेत औषधावर कडक इशारा छापला गेला. मग २०२० मध्ये युरोपातल्या फास्ट चाचणीत सहा हजारांवर लोकांमध्ये तसं काही दिसलं नाही. त्यामुळे हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना तो आठवणीने सांगायचा, आणि व्हॉट्सॲपवर वाचून गोळी बंद करायची नाही.

आता दुसरी बाजू, जी मला तेवढीच टोचते. फुल बॉडी चेकअपचं पॅकेज केलं, कधी अंगठा दुखला नाही, मुतखडा नाही, काही नाही, फक्त आकडा ७.८ आला आणि माणूस मेडिकलमधून स्वतःच गोळ्या आणून खायला लागला. अशा लोकांना गोळीने किडनी किंवा हृदय वाचतं का, हे चांगल्या चाचण्यांत तपासून झालंय. २०२० मध्ये किडनीच्या पेशंटवरच्या दोन चाचण्या एकाच वेळी आल्या, ॲलोप्युरिनॉलने युरिक ॲसिड उतरलं पण किडनीची घसरण थांबली नाही. २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये हृदयविकार असलेल्या, पण गाऊट नसलेल्या पाच हजारांवर लोकांवर ऑल-हार्ट झाली, तिथेही फायदा शून्य. गाऊट नसताना नुसत्या आकड्यासाठी गोळी नको असंच बहुतेक मार्गदर्शनं सांगतात (कॅन्सरची केमो वगैरे प्रसंग वेगळे, ते डॉक्टर ठरवतील). म्हणजे ज्यांना आयुष्यभर गोळी हवी ते पंधरा दिवसांत सोडतात आणि ज्यांना नको ते नेमाने खातात.

आमच्या लॅबच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमना मी विचारलंय की युरिक ॲसिडच्या रिपोर्टखाली मराठीत दोन ओळी छापता येतील का, गाऊट असलेल्यांसाठी ध्येय ६ पेक्षा कमी, आणि कोणताही त्रास नसेल तर फक्त या आकड्यावरून औषध सुरू करू नका. त्या म्हणाल्या मजकूर लिहून दे, बघते. लिहून दिलाय. तुमच्यात कुणी डॉक्टर असतील तर शब्द अजून सोपे कसे करता येतील ते सांगा, कागदावर जागा दोनच ओळींची आहे.