पुढच्या लॉटमध्ये नक्की

मुंबईत फ्लॉवरहॉर्न किंवा ऑस्कर हवा असेल तर कोणत्याही ॲक्वेरियमच्या दुकानात जावे आणि घेऊन यावे. मध्य अमेरिकेतील, आकाराने लहान आणि सहसा कुणी न पाळणारा सिक्लिड कुळातला मासा मात्र मागून पाहावा. मागील वर्षी मी चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकी बसवली. स्टँड, फिल्टर, झाकण ही कामे बिनबोभाट झाली, त्यामुळे त्यांच्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही. ज्या एका गोष्टीने माझा अंत पाहिला, ती म्हणजे पिशवीतला मासा नेमका कोण आहे हे ठरवणे.

या मापाच्या टाकीत काठोकाठ सुमारे 250 लिटर पाणी मावते आणि वाळू, दगड व वरची मोकळी जागा वजा केल्यावर 200 च्या आसपास उरते. तेवढ्यावरच अनेक नावे यादीतून गळतात. ‘जॅग्वार’ म्हणून विकला जाणारा पॅराक्रोमिस मॅनाग्वेन्सिस दुकानात बोटाएवढा आणि देखणा दिसतो, पण तो अर्ध्या मीटरपर्यंत वाढू शकतो. त्याच कुळातला डोव्ही तर त्याहूनही मोठा होतो. म्हणून मी दहा-बारा सेंटिमीटरच्या आसपास थांबणाऱ्या तीन जाती निवडल्या. पहिली निकाराग्वा व कोस्टा रिका येथील हिप्सोफ्रिस निमॅटोपस. हिचे राखाडी अंग आणि त्यावरचा काळा पट्टा विणीच्या काळात उलटतात, म्हणजे अंग काळे आणि पट्टा पांढरा होतो. रंग सुंदर, परंतु आकाराच्या मानाने स्वभाव फार भांडखोर. दुसरी रेनबो, म्हणजे हेरोटिलापिया मल्टिस्पिनोसा, त्यामानाने शांत आणि शेवाळ खाणारी. तिसरी टी-बार, म्हणजे साजिका. मत्स्यशास्त्रज्ञ विल्यम बसिंग यांनी 1974 मध्ये या कोस्टा रिकातील माशाचे वर्णन प्रसिद्ध केले आणि साल्व्हादोर हिमेनेझ कानोसा (Salvador Jiménez Canossa) या नावातील तिन्ही शब्दांची पहिली दोन-दोन रोमन अक्षरे जोडून त्याला ‘साजिका’ म्हटले. अंगावरचा मधला उभा पट्टा आणि डोक्याकडून येऊन त्याला मिळणारी आडवी रेघ यांचा आडवा पडलेला ‘टी’ तयार होतो. नराचे पर तांबूस आणि मादीचे पिवळसर असतात. मला हाच हवा होता.

एका ठोक विक्रेत्याने माझ्याकडून आगाऊ रक्कम घेतली आणि “पुढच्या लॉटमध्ये नक्की” असे सांगितले. लॉट आला की फोन येई, मी जाई आणि टाकीत कन्व्हिक्ट या उभ्या पट्ट्यांच्या दुसऱ्याच सिक्लिडची पिल्ले फिरत असत. “साहेब, हाच तो. मोठा झाला की टी दिसेल,” असे त्यांचे उत्तर असे. वैताग असा की हे उत्तर पूर्ण खोटे नसते. साजिकाच्या लहान पिल्लांच्या अंगावरही अनेक उभे पट्टे असतात आणि त्यांतील मधला तेवढा अधिक गडद असतो. त्यात हे मासे मनःस्थितीप्रमाणे पट्टे गडद-फिके करतात. गर्दीच्या टाकीत जाळे फिरवून पिशवीत भरलेला घाबरलेला मासा काहीही दाखवतो किंवा काहीच दाखवत नाही. शिवाय या दोन जातींचा संकर होऊ शकतो, त्यामुळे अर्धवट ‘टी’ असलेले पिल्लू पाहून निष्कर्ष काढणे धोक्याचे असते. एकदा मी काचेसमोर खुर्ची ओढून बसलो आणि मासे शांत होऊ दिले. थोड्या वेळाने एका मादीच्या पोटावर नारिंगी झाक स्पष्ट दिसली. ती कन्व्हिक्टच्या मादीची खूण आहे. साजिकाच्या मादीत ती नसते. मी बोट दाखवले तेव्हा विक्रेते म्हणाले, “पण अमेरिकनच आहे ना?” कन्व्हिक्टही मध्य अमेरिकेचाच असल्यामुळे यावर काय बोलावे ते मला सुचेना.

त्यानंतर जॅग्वारची पिल्ले ‘रेअर अमेरिकन मिक्स’ या नावाने दाखवण्यात आली. त्यांचे तोंड पाहिले असते तरी कुणालाही कळले असते, कारण शिकारी माशाचा रुंद जबडा लहानपणीही लपत नाही. याउलट निमॅटोपसचे तोंड लहान, बोथट आणि खालच्या बाजूला झुकलेले असते. रक्कम परत मागितल्यावर ती पुढच्या खरेदीत वळती करून घ्या, असे सुचवण्यात आले. ती मी माशांच्या खाद्यात आणि स्पंज फिल्टरमध्ये वसूल केली आणि विषय संपवला.

मासे शेवटी डोंबिवलीच्या एका हौशी गृहस्थांकडे मिळाले. त्यांच्या घरी आई-बाप समोरच होते, दोघांच्या अंगावर स्वच्छ ‘टी’ होता आणि पिल्ले त्याच टाकीत वाढलेली होती. कुर्ल्याच्या शोभेच्या माशांच्या बाजारात फिरण्याचा आनंद मी नाकारत नाही, पण दुर्मीळ जातीसाठी आई-बाप दाखवू शकणारा माणूस शोधावा आणि तो सापडेपर्यंत टाकी रिकामी राहिली तरी चालवून घ्यावे, असे माझे ठाम मत झाले आहे. दुकानदार ज्याला ‘जोडी’ म्हणतो ते बहुधा एकाच पिशवीत घातलेले दोन मासे असतात. खरी जोडी मासे स्वतः जमवतात, म्हणून मी सहा पिल्ले घेतली.

पाण्याविषयी सांगायचे राहिले. या माशांना किंचित अल्कधर्मी आणि मध्यम कठीण पाणी मानवते, आणि माझ्या नळाचे पाणी तपासले तेव्हा ते बरेच मऊ निघाले. फिल्टरमध्ये जाळीच्या पिशवीत प्रवाळाचा चुरा ठेवल्यावर फरक पडला. क्लोरीन काढणारे द्रावण प्रत्येक वेळी घालावेच. हीटर मला जवळजवळ लागत नाही. त्रास मे महिन्यात होतो, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. तेव्हा पाण्याच्या पृष्ठभागावर पंखा सोडावा आणि हवेचा पंप वाढवावा. मुळे धरणारी झाडे उपटली जातात, त्याऐवजी सपाट दगड आणि आडवी ठेवलेली मातीची कुंडी द्यावी. सोबतीला स्वोर्डटेल ठेवल्यास साजिका लपून बसत नाहीत. ते मासेही मेक्सिको व मध्य अमेरिकेतलेच आहेत आणि मुंबईत कुठेही मिळतात.

आणखी एक गोष्ट सहा पिल्ले घेण्यापूर्वीच ठरवावी लागते. जोडी जमली की ती उरलेल्या चौघांना कोपऱ्यात दाबते, पर फाडते आणि खाऊ देत नाही. त्या चौघांना परत घेण्याचे डोंबिवलीच्या गृहस्थांनी आधीच कबूल केले होते, आणि जोडीने कुंडीवर अंडी घातली त्याच आठवड्यात मी ते चार मासे त्यांच्याकडे पोहोचवून आलो.