१२ पॉइंट पडद्यावरही १२ पॉइंटच दिसावेत म्हणून

सांगलीत खणभागात घरीच लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकांचं डीटीपी करतो. लॅपटॉप १५.६ इंची, पडदा १९२० बाय १०८० पिक्सेलचा, म्हणजे ठिपक्यांचा. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट, तिची एक्सएफसीई या डेस्कटॉपची आवृत्ती. पडद्यावर मजकूर दाखवला की गिऱ्हाईक हमखास म्हणायचं, "अहो, एवढं बारीक? आमच्या आजोबांनी वाचायचं कसं?" छापून हातात दिलं की तेच अक्षर ठसठशीत. 'शुभाशीर्वाद'मधला रफार तर पडद्यावर वेलांटीतच विरून जायचा.

गोम ९६ या आकड्यात होती. पडदा कुठलाही असो, डेस्कटॉप सहसा इंचाला ९६ पिक्सेल धरूनच चालतो. अक्षराच्या मापातले १२ पॉइंट म्हणजे इंचाचा सहावा भाग, ४.२ मिलिमीटर. ९६च्या हिशेबाने त्याचे १६ पिक्सेल होतात आणि माझ्या पडद्यावर ते जेमतेम २.९ मिलिमीटर भरतात.

टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, एक्सरँडर ही आज्ञा चालवली की पडद्याची मापं मिलिमीटरमध्ये मिळतात. माझी ३४४ बाय १९३ आली. तरी मुलीच्या कंपासपेटीतली पट्टी काढून लावलीच, कारण ही मापं पडदा स्वतःच कळवतो आणि काही टीव्ही-प्रोजेक्टर बिनदिक्कत १६० बाय ९० सांगतात, म्हणजे नुसतं १६:९ गुणोत्तर! पट्टी जुळली. १९२० पिक्सेल भागिले ३४.४ सेंटिमीटर, गुणिले २.५४ (एका इंचाचे सेंटिमीटर) : इंचाला १४२ पिक्सेल.

सेटिंग्ज, अपिअरन्स, फॉन्ट्स, तिथे 'कस्टम डीपीआय'मध्ये (डीपीआय म्हणजे इथे इंचाला किती पिक्सेल) १४२ टाकलं आणि लॉगआउट करून परत आलो. रफार सुटा झाला. फॉन्टचे आकार मात्र पूर्वीचेच ठेवा. प्रत्येक प्रोग्रॅममध्ये अक्षर मोठं करत बसणं म्हणजे निव्वळ डोकेदुखी. या आकड्याने फक्त अक्षरं वाढतात, आयकॉन नाहीत, त्यामुळे पॅनेलची, म्हणजे मेनू-बटणांच्या पट्टीची, उंची वेगळी वाढवावी लागली. लॉगिनच्या पडद्याचाही डीपीआय वेगळा द्यावा लागतो, पण तिथे वाचायचंय काय? तो तसाच ठेवला.

खरी अडचण लॅपटॉपला जोडायच्या २४ इंची मॉनिटरची. त्याची घनता इंचाला ९२ पिक्सेलच्या आसपास आणि एक्सएफसीईत हा आकडा सगळ्या पडद्यांना एकच, त्यामुळे त्यावर मेनू अवाढव्य दिसायचे. केडीई हा दुसरा डेस्कटॉप वेलँड या नव्या पडदा-प्रणालीवर चालवला तर प्रत्येक पडद्याला वेगळं स्केल देता येतं, पण बसलेली घडी ऐन लग्नसराईत कोण मोडणार? पॅनेलवर दोन बटणं केली आहेत, एक ९६चं, एक १४२चं. दोन्ही एक्सएफकॉन्फ-क्वेरी या एक्सएफसीईच्या सेटिंग बदलणाऱ्या आज्ञेने डीपीआय बदलतात. मॉनिटर जोडला की पहिलं, काढला की दुसरं.