पाणी किती फुटावर आणि बर्फात अडकलेली दोन जहाजं

चार दिवस झाले, पाऊस थांबायचं नाव घेईना. कोल्हापुरात या दिवसात माणूस भेटला की 'कसा आहेस' नंतर, आधी 'पाणी किती फुटावर'. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, हे इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ असतं. तर काल रात्री लाईट गेली, झोप येईना, मोबाईलवर पातळी बघत बसलो आणि तिथून कुठून कसा सरकत गेलो देवाला माहीत, दोन वाजेपर्यंत एरेबस आणि टेररमध्ये अडकलो होतो.

ही ब्रिटिश नौदलाची दोन शिडाची जहाजं. मुळात किनाऱ्यावर तोफगोळे फेकायला बांधलेली, त्यामुळं अंगानं दणकट, टेरर तर १८१३ चं. अंटार्क्टिकाच्या बर्फात फिरून आलेली. मग नाकाला लोखंडी पत्रा मारला, वारा पडला तर असू दे म्हणून रेल्वेचं इंजिन पोटात बसवलं आणि मे १८४५ मध्ये सर जॉन फ्रँकलिन ती घेऊन निघाले, कॅनडाच्या डोक्यावरून पॅसिफिकला जायची वाट शोधायला. तीन वर्षांचं खाणं, हजारो डबे, एकट्या एरेबसवर हजारावर पुस्तकं, आणि हातानं फिरवायची बाजाची पेटी, पन्नास चाली वाजवणारी! जुलैअखेरीस देवमासे पकडणाऱ्या जहाजांना ती दिसली. त्यानंतर १२९ माणसं गेली ती गेलीच.

त्यांचं लेखी म्हणावं असं काय सापडलं, तर मुख्य एक कागद. १८५९ मध्ये, किंग विल्यम बेटावर दगडांच्या ढिगाऱ्यात, पत्र्याच्या नळीत. छापील फॉर्म आहे तो, सहा भाषांत लिहिलेला की सापडला तर नौदलाला पाठवा. त्यावर मे १८४७ मध्ये लिहिलंय 'सगळं ठीक', आणि त्यातही आदल्या मुक्कामाचं साल चुकवलंय. मग त्याच कागदाच्या कडेकडेनं, जागा पुरेना म्हणून फिरवून फिरवून, २५ एप्रिल १८४८ चा मजकूर. सप्टेंबर १८४६ पासून जहाजं बर्फात अडकलीत, ती आम्ही २२ एप्रिलला सोडली, फ्रँकलिन ११ जून १८४७ ला वारले, २४ माणसं गेली, १०५ उरली, उद्या दक्षिणेला नदीकडं चालत निघतो. म्हणजे 'सगळं ठीक' लिहून पंधरा दिवस झाले न झाले तोवर साहेब गेले. पुढं वाटेत एक होडी सापडली, घसरगाडीवर चढवलेली, आत दोन सांगाडे, आणि सामान काय तर रेशमी रुमाल, सपाता, साबण, चहा आणि चाळीसेक पौंड चॉकलेट. भुकेनं मरायला लागलेली माणसं सपाता ओढत नेत होती, याच्यावर मी बराच वेळ अडकलो.

पण मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. १८५४ मध्येच जॉन रे नावाच्या माणसाला तिथल्या इनुइट लोकांनी सांगितलं होतं की गोरी माणसं उपाशी मेली आणि शेवटी एकमेकांना खाल्लं. त्यांच्याकडून त्यानं जहाजावरचे चांदीचे चमचे-काटेसुद्धा विकत घेतले. लंडनमध्ये ही बोंबाबोंब! डिकन्ससारख्या लेखकानं लिहिलं की या रानटी लोकांच्या शब्दावर काय विश्वास ठेवायचा. आपला नेव्हीवाला असं करणारच नाही ना. आता २०२४ ला डीएनएवरून एक जबडा ओळखला गेला, त्यावर सुरीच्या खुणा. तो जबडा कुणाचा, तर एरेबसचा कॅप्टन जेम्स फिट्झजेम्स. कागदाच्या कडेचा मजकूर लिहिणारा हाच.

जहाजांचंही तेच. इनुइट म्हातारी माणसं शंभर-दीडशे वर्षं सांगत होती, एक जहाज दक्षिणेला उटजुलिक नावाच्या भागाकडं वाहत गेलं, आत मोठ्या अंगाचा एक मेलेला गोरा माणूस होता, आम्ही बाजूनं भोक पाडून आत शिरलो मग ते बुडालं. २०१४ ला एरेबस सापडलं ते त्याच भागात, जेमतेम अकरा मीटर पाण्यात! टेरर २०१६ ला. सॅमी कॉगविक नावाचा तिथलाच माणूस, त्याला काही वर्षांपूर्वी बर्फातून वर आलेलं डोलकाठीसारखं लाकूड दिसलं होतं, त्याला मिठी मारून फोटो काढला आणि परतताना कॅमेराच हरवला, मग अपशकुन समजून गप्प बसला. त्यानं शोधमोहिमेच्या जहाजावर हे सांगितलं, तिकडं वळले आणि सापडलंच. खाडीचं नाव आधीपासून टेरर बे. लका, काय बोलायचं यावर.

आमची आज्जी आठवली. शुक्रवार पेठेतल्या जुन्या घरामागं एक काळा दगड आहे, तिचं म्हणणं त्याला पाणी लागलं की पोती वर घ्यायची, आकडे बिकडे बघायचे नाहीत. २०१९ ला दुपारीच म्हणाली, दगडाला लागलं बघ. आम्ही काय, 'आज्जी, बातमीत अजून वेळ आहे म्हणतायत.' रात्री अकराला पिठाचा डबा डोक्यावर घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून निघालो. ती पुढं, हातात फक्त देवांची पिशवी, आणि एक शब्द बोलली नाही, ते जास्त लागलं.

२०१९ मध्येच टेररच्या आत कॅमेरा सोडला होता. १७० वर्षांनी ताटं फळीवर तशीच, बाटल्या उभ्या, कॅप्टन क्रोझियरच्या टेबलाचे खण बंद. त्या मजल्यावर जवळजवळ सगळीकडं कॅमेरा गेला, फक्त त्याच्या झोपायच्या खोलीत नाही, तिचं दार लावलेलं होतं.

आज सकाळी ३७ झालंय. दगड बघून येतो.