चपलेपेक्षा कागद बघा

हाँगकाँगमध्ये कॉजवे बेजवळच्या उड्डाणपुलाखाली, 'न्गो केंग' पुलापाशी, म्हाताऱ्या बायका बुटक्या स्टुलांवर बसून चपलेनं कागद बडवत असतात. विधीचं नाव 'दा सिउ यान', म्हणजे 'सिउ यान'ला बडवणं. मागून बोलणारा, साहेबाचे कान भरणारा, बढतीत आडवा येणारा, तो 'सिउ यान'. पर्यटक चपलेचे फोटो काढतात. खरं काम मात्र कागदांचं.

ते संचातच मिळतात. पातळ कागदावर छापलेली माणसं, पुरुष वेगळे आणि बायका वेगळ्या. पिवळ्या कागदाचा, काळ्या पट्ट्यांचा वाघ. अडचणी सोडवणारा 'पाक काई'. आणि मदतीला धावणाऱ्या भल्या माणसांचा, म्हणजे 'क्वाय यान'चा, लाल-हिरवा कागद.

आधी उदबत्त्या-मेणबत्त्या लावून देवाला आपलं नाव नि गाऱ्हाणं सांगायचं. मग शत्रूचं नाव कागदावर. जन्मतारीख ठाऊक असली तर तीही. काहीजण फोटो देतात. ऑफिसात काड्या कोण घालतंय हेच कळत नसेल तर नाव न लिहिताही चालतं, आणि संशयावरून कुणाचं नाव लिहिण्यापेक्षा ते बरं. मग डोक्यापासून पायापर्यंत एकेका अवयवाचं यमक जुळवत मार, कागदाच्या चिंध्या होईपर्यंत.

बरेच जण इथेच उठू बघतात. पण कुचाळक्यांवरचा खरा उपाय पुढे आहे. चिनी समजुतीत भांडण-कुचाळक्यांचा मालक पांढरा वाघ, आणि कागदी वाघ त्याच्याच जागी असतो, रंग पिवळा असला तरी. त्याला डुकराचं रक्त पाजतात, म्हणजे तो चावत नाही. तोंडाला डुकराची चरबी फासतात, म्हणजे ते वाईट बोलायला उघडत नाही. मग तो जाळतात. हे राहिलं, तर माणसाला चोप बसला पण बोलणारं तोंड मोकळंच राहिलं.

त्यानंतर 'पाक काई' नि 'क्वाय यान' गिऱ्हाइकाच्या अंगावरून, आपण दृष्ट काढतो तसे, ओवाळून जाळायचे. भल्यांचा कागद मार खाणाऱ्यांच्या गठ्ठ्यात जाऊ देऊ नका. शेवटी देवाचा कौल घ्यायला लाकडाचे दोन तुकडे टाकतात: एक सपाट बाजूवर, एक फुगीर बाजूवर पडला तर झालं.

गर्दी असते ती चिनी पंचांगातल्या 'जिंगझे'ला, ५-६ मार्चच्या सुमारास, किडे नि वाघ जागे होतात त्या दिवशी. रांग लांब असते आणि विधी आटोपशीर होतो. घाई नसेल तर एखाद्या वेगळ्या दिवशी जावं, आणि बसण्याआधी वाघाच्या विधीसकट किती पैसे ते विचारून घ्यावं.