इकोसॉकचा सल्लागार दर्जा मिळवताना: माझा अनुभव

सुरक्षा परिषदेतला नकाराधिकार, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीतली मतांची वाटणी अशा प्रश्नांवर मोहीम चालवायची, तर संयुक्त राष्ट्रांच्या इमारतीत पाऊल ठेवायला काहीतरी अधिकृत आधार लागतो. तो म्हणजे स्वयंसेवी संस्थांना मिळणारा, संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक व सामाजिक परिषदेचा, अर्थात इकोसॉकचा, सल्लागार दर्जा. आमच्या संस्थेला त्यातला ‘विशेष’, म्हणजे ठरावीक विषयांपुरता, दर्जा मिळाला. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचं कलम 71 आणि परिषदेचा 1996/31 हा ठराव यांवर ही सगळी प्रक्रिया उभी आहे. अर्जाला फी नाही. पैसे घेऊन दर्जा मिळवून देतो म्हणणारा भेटला तर त्याला दारातूनच वाटेला लावा.

ठराव आधी वाचावा, अर्ज मागाहून उघडावा. अर्ज दाखल होताना संस्थेची नोंदणी होऊन किमान दोन वर्षं झालेली असावी लागतात. अर्ज ऑनलाइन, इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये. मुदत 1 जून, आणि विचार होतो तो पुढच्या वर्षी. सोबत नोंदणी प्रमाणपत्र, संस्थेची घटना, ताजा जमाखर्च आणि प्रकाशनांचे नमुने. मूळ कागद दुसऱ्या भाषेत असतील तर भाषांतर जोडावं लागतं.

सुधारणेची मागणी करणाऱ्यांची खरी परीक्षा घटनेपाशी होते. ठरावानुसार संस्थेची घटना लोकशाही पद्धतीने मंजूर झालेली हवी, प्रातिनिधिक रचना हवी आणि पदाधिकारी सभासदांना उत्तरदायी हवेत. जगाला मताधिकार शिकवणाऱ्या अनेक संस्थांमध्ये चार-पाच संस्थापकच तहहयात विश्वस्त असतात. कार्यकारिणी कोण निवडतं, किती काळासाठी, तिला हटवता येतं का, हे घटनेत स्पष्ट नसेल तर घटनादुरुस्ती आधी करून घ्या. ‘तुम्ही नक्की कोणाचे प्रतिनिधी?’ हा प्रश्न येणारच.

‘परिषदेच्या कामात तुमचा हातभार काय?’ या रकान्यात आमच्या क्षेत्रातल्या संस्था हमखास घसरतात. सनदेची दुरुस्ती, सनदेचा फेरविचार करणारी कलम 109 खालची आढावा परिषद, सरचिटणीसाची निवड हे सगळं लिहून मोकळ्या होतात. यातलं काहीच इकोसॉकच्या अखत्यारीत नाही. तिचा विषय आर्थिक व सामाजिक, म्हणून मागणी तिथे नेऊन जोडावी लागते. आम्ही संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांचा आधार घेतला. 10.6 हे लक्ष्य जागतिक वित्तसंस्थांत विकसनशील देशांचा आवाज वाढवण्याबद्दल आहे, तर 16.8 जागतिक कारभारातल्या त्यांच्या सहभागाबद्दल. नाणेनिधीत महत्त्वाच्या निर्णयांना 85 टक्के मतं लागतात आणि एकट्या अमेरिकेकडे 16 टक्क्यांहून जास्त आहेत. म्हणजे तिथे नकाराधिकार कागदावर नाही, पण गणितात आहे. हे उदाहरण या रकान्यात चपखल बसतं.

लिहिताना टीका नियमावर ठेवा, देशावर नको. सुरक्षा परिषदेतल्या मतदानाचं कलम 27 काय म्हणतं, सनदेच्या दुरुस्तीच्या कलम 108 मध्ये पाचही स्थायी सदस्यांची संमती का लागते, हे बिनधास्त लिहा. सदस्य राष्ट्रांविरुद्ध निराधार किंवा राजकीय हेतूने केलेली कृत्यं हे दर्जा काढून घ्यायचं कारण म्हणून याच ठरावात नमूद आहे.

पैशाचा रकाना कंटाळवाणा, पण अर्ज इथेच रखडतात. अर्जातले आकडे जमाखर्चाशी तंतोतंत जुळायला हवेत. तूट असेल तर ती कशी भरली आणि प्रशासकीय खर्च जास्त दिसत असेल तर तो का, याची एकेक ओळ आधीच लिहून ठेवा. देणगीदार आणि रकमा उघड कराव्याच लागतात, सरकारी पैसा असेल तर विशेषच.

सचिवालयाच्या छाननीनंतर अर्ज परिषदेच्या 19 देशांच्या स्वयंसेवी संस्था समितीपुढे जातो. समिती वर्षातून दोनदा बसते. तिथे एका देशाने प्रश्न विचारला तरी उत्तर येऊन समाधान होईपर्यंत अर्ज पुढच्या बैठकीवर जाऊ शकतो. प्रश्न ठरावीक वळणाचे: गेल्या वर्षीचे प्रकल्प, सभासदांची यादी, सहयोगी संस्था. वेबसाइटही तपासली जाते. तैवानचा उल्लेख संयुक्त राष्ट्रांच्या परिभाषेत, म्हणजे चीनचा प्रांत असा, नसेल तर त्यावर प्रश्न येणं ठरलेलंच. उत्तर त्रोटक आणि विचारलं तेवढंच द्यावं. जादा वाक्यातून नवा प्रश्न फुटतो. उत्तरच दिलं नाही तर कालांतराने फाइल बंद होते. इंटरनॅशनल दलित सॉलिडॅरिटी नेटवर्कने 2008 मध्ये केलेला अर्ज प्रश्नांमागून प्रश्नांत अडकला आणि अखेर डिसेंबर 2022 मध्ये 54 सदस्यांच्या परिषदेने मतदान घेऊन त्यांना दर्जा दिला. अंतिम निर्णय समितीचा नसून परिषदेचा असतो, हे त्यावरून लक्षात घ्यावं.

दर्जा मिळाल्यावर ओळखपत्रं मिळतात, परिषदेला 500 शब्दांपर्यंतचं लेखी निवेदन देता येतं. संयुक्त राष्ट्रांचं बोधचिन्ह मात्र लेटरहेडवर छापता येत नाही. आणि आमसभेत या दर्जाने बोलायचा हक्क मिळत नाही. तिथली दारं वेगळ्या मार्गाने उघडावी लागतात. आमसभेच्या 2015 च्या 69/321 या ठरावानंतर 2016 मध्ये सरचिटणीसपदाच्या उमेदवारांना प्रथमच खुल्या संवादात प्रश्नांना सामोरं जावं लागलं, ते नागरी संघटनांच्या दबावाशिवाय झालं नसतं.

दर चार वर्षांनी अहवाल द्यावा लागतो. चुकवला तर दर्जा आधी वर्षभर स्थगित होतो, मग रद्द. म्हणून कोण कुठल्या बैठकीला गेलं, काय निवेदन दिलं, याची नोंद त्याच आठवड्यात करून ठेवतो. चार वर्षांनी जुने ईमेल उकरून हा अहवाल धड लिहिता येत नाही.