आमची वाटचाल : खांबावरची डबी

गाडी आलीय हे ट्रॅफिक सिग्नलला कळवणारे डिटेक्टर बसवणाऱ्या आमच्या फर्मला १७ वर्षं झाली, पोरं म्हणाली सर आता तरी लिहा काहीतरी. लिहायला बसलो आणि डोक्यात पहिले आले ते सुरुवातीच्या काळातले पंचवीस दिवस. बाकीच्या वर्षांत कामं आली, झाली, बिलं निघाली, त्यात सांगण्यासारखं फार नाही. पण त्या पंचवीस दिवसांत आम्ही बुडालोच होतो, आणि ज्या दोषासाठी आमचं नाव खराब केलं गेलं तो दोष आमच्या डिटेक्टरचा नव्हताच, हे एकदा नीट लिहून ठेवायचंय मला.

आम्ही दोघं होतो. मी आणि दादा. दादा म्हणजे सख्खा भाऊ नाही, माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा, आधी रेडिओ आणि वायरलेस सेट दुरुस्त करायचा, सोल्डरिंग असं की बघत राहावं. सिग्नलच्या लाइनीत मी आधी होतो, लूप, म्हणजे वर आलेली गाडी ओळखणारी रस्त्यात पुरलेली वायर, टाकायच्या टीममध्ये. रात्रभर रस्ता अडवून कटरने खाच पाडायची, खाच धुवायची, सुकवायची, वायरचे तीन-चार वेढे दाबून बसवायचे, वरनं सीलंट ओतायचं. हे ज्याने केलंय त्याला माहितीय की काम दिसायला सोपं आणि निभवायला अवघड. आणि एवढं करून सहा महिन्यांत कोणीतरी पाइपलाइनसाठी रस्ता खोदणार आणि लूप गेला. म्हणून दादाने जेव्हा पहिल्यांदा मायक्रोवेव्ह डिटेक्टर हातात ठेवला, तळहातापेक्षा थोडी मोठी डबी, आणि म्हणाला की हा खांबावर बसतो, रस्त्याला हातच लावायचा नाही, तेव्हा मी त्याच दिवशी नोकरी सोडायचं ठरवलं.

तत्त्व दादाने मला एका वाक्यात समजावलं होतं. येणाऱ्या गाडीवर आदळून परत आलेली लहर जराशी जास्त फ्रिक्वेन्सीची होते, जाणाऱ्या गाडीची जराशी कमी, डॉप्लरने हे १८४२ साली मांडलं. आमची पहिली डबी १०.५२५ गिगाहर्ट्झची, म्हणजे ताशी एक किलोमीटर वेगाला साधारण साडेएकोणीस हर्ट्झचा फरक. दादाकडे एक ट्यूनिंग फोर्क होता, ९७५ हर्ट्झचा. तो बुटाच्या टाचेवर आपटून डबीसमोर धरला की डबीला वाटायचं ५० च्या स्पीडने गाडी आली, एलईडी पेटायचा, रिले, म्हणजे सिग्नलला कळवणारा स्विच, टक्कन पडायचा. खांबावर चढायच्या आधी प्रत्येक डबी अशी तपासायची, हा दादाचा नियम. एकदा घाईत मी तो मोडला तर दादाने मला खाली उतरवलं होतं. आताच्या दिशा ओळखणाऱ्या डब्यांना फोर्कवर भरवसा धरता येत नाही, फोर्क पुढेमागे दोन्हीकडे हलतो ना, पण तो अजून माझ्या बॅगेत असतो.

हत्यारं आमची थोडीच होती पण नीट ठेवलेली. स्टील पट्टी आवळायचं बँडिंग टूल, दोन पाने, क्रिम्पिंग टूल, मल्टिमीटर, ॲल्युमिनियमची जोडशिडी आणि गवंड्याचा ओळंबा. लोक विचारायचे ओळंबा कशाला. अहो, खांब सरळ आहे असं डोळ्याला वाटतं आणि तो तीन अंशांनी कललेला असतो, मग ब्रॅकेटवरच्या खुणेवर विश्वास ठेवून कोन लावला की निशाणा पार पुढच्या दुकानाच्या पाटीवर. आम्ही डबी साधारण साडेतीन मीटरवर बसवायचो, नाक किंचित खाली, आणि बीमचा मध्य स्टॉप लाइनच्या मागे वीसेक मीटरवर पडेल असा. रस्त्याच्या दिशेपासून फार बाजूला फिरवायची नाही, वीस अंशांवर वेग सहा टक्क्यांनीच कमी दिसतो पण साठ अंशांवर निम्मा दिसतो, हळू येणारी सायकल मग दिसतच नाही. आणि केबल डबीत शिरायच्या आधी खाली एक झोळ द्यायचाच. झोळ नसला की पावसाचं पाणी केबलवरनं सरळ ग्लँडमध्ये, म्हणजे केबल डबीत शिरते त्या तोंडात, जातं. नवीन पोरांनो, ड्रेनचं भोक खाली येतंय का बघा, वर आलं तर डबीचा मासा झालाच म्हणून समजा.

तर पहिलं मोठं काम. चार जंक्शन, आठ डिटेक्टर, सगळे साइड रोडला. जुने लूप रस्त्याच्या कामात तुटले होते आणि खात्याला रस्ता परत कापायचा नव्हता. खात्यातले इंजिनिअर साहेब, नाव लिहीत नाही, त्यांना नाव आलेलं आवडायचं नाही, त्यांनी आमचा डेमो तीन वेळा बघितला आणि म्हणाले, करा. कंट्रोलरचा, म्हणजे सिग्नलचे दिवे चालवणाऱ्या पेटीचा, मेंटेनन्स मात्र दुसऱ्या एका फर्मकडे होता, मोठी फर्म, लूपचं कामही त्यांचंच असायचं. त्यांच्या माणसाने आम्हाला टर्मिनल दाखवले, या दोन पट्ट्या तुमच्या, बाकी कशाला हात लावायचा नाही. आम्ही लावला नाही. रिलेचा फेल-सेफ मात्र आम्ही आग्रहाने करून घेतला, म्हणजे डबीचा सप्लाय गेला तर रिले पडून कायमची डिमांड, म्हणजे हिरव्याची मागणी, लागते, साइडला दर सायकलला हिरवा मिळतो, कोणी अडकत नाही. आठवड्यात काम संपवलं. वॉक टेस्ट केली, गाड्यांवर टेस्ट केली, आठही डब्या ओके.

दहाव्या दिवशी फोन सुरू झाले. आणि तक्रारी दोन, एकमेकींच्या अगदी उलट. एका जंक्शनला संध्याकाळी साइड रोडवर चिटपाखरू नसताना हिरवा लागतोय आणि मॅक्स ग्रीनपर्यंत, म्हणजे हिरव्याची कमाल वेळ संपेपर्यंत, लागूनच राहतोय, मेन रोडला रांग. आणि बाकी तीन जंक्शनांना साइडची गाडी लाल दिव्याला उभी आहे ती उभीच, पाच-पाच मिनिटं. एकीकडे नसलेली गाडी दिसते, दुसरीकडे असलेली दिसत नाही. त्या मोठ्या फर्मच्या माणसाने खात्यात सांगून टाकलं की ही मायक्रोवेव्हची खेळणी आहेत, सिग्नलला चालत नाहीत, लूपशिवाय पर्याय नाही. लेखी दिलं. आमचं बिल थांबलं, पुढची दोन कामं जी जवळजवळ हातात होती ती गेली, आणि डब्या पुरवणाऱ्याने उधारी बंद केली. पैसे सगळे त्या आठ डब्यांत अडकलेले. दादाने त्याची मोटरसायकल विकली, मला न सांगता.

साहेबांनी तेव्हा पंधरा दिवस मिळवून दिले. वरनं दबाव होता काढून टाका म्हणून, ते म्हणाले कारण कळल्याशिवाय मी काहीही काढणार नाही. एवढंच वाक्य. पण त्या वाक्यावर ही फर्म उभी आहे.

पहिल्या जंक्शनला आम्ही दोघं रात्रभर बसलो. मी शिडीवर, दादा कंट्रोलरच्या पेटीपाशी. झाड नाही, बॅनर नाही, खांब हलत नाही. वहीत वेळा लिहीत गेलो. सात वाजून पाच मिनिटांनी एलईडी पेटला आणि विझेचना. साडेअकराच्या सुमाराला एकदम विझला. दुसऱ्या दिवशी सात वाजून चार. तिसऱ्या दिवशी दादा पेटीपाशी बसलाच नाही, रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिला, आणि सात वाजता त्याने मला हाक मारली, अरे तो बोर्ड बघ. जाहिरातीचा प्लास्टिकचा बोर्ड, आत ट्यूबलाइट्स, बरोब्बर आमच्या बीममध्ये, आणि तो तेव्हाच लागत होता. रेडिओवाल्या माणसाला ते लगेच कळलं. ५० हर्ट्झच्या लाइनवर ट्यूबमधला वायू सेकंदाला शंभर वेळा पेटतो-विझतो, तेवढ्या वेळा त्याच्यावरनं परत येणारी लहर बदलते, आणि शंभर हर्ट्झ म्हणजे आमच्या डबीसाठी ताशी पाच किलोमीटरने येणारी गाडी. सायकल सुटू नये म्हणून आम्ही किमान वेग चारवर ठेवला होता. तो आठवर नेला, डबी थोडी आत वळवली. बोर्ड चालू, एलईडी बंद. ही चूक आमची होती, मी साहेबांना तशीच लिहून दिली.

पण बाकीच्या तीन जंक्शनांची चूक आमची नव्हती.

तिथे तीन रात्री मी नुसता उभा. गाडी येते, एलईडी पेटतो, गाडी थांबते, एलईडी विझतो. बरोबरच आहे, डॉप्लरला हलणारी वस्तू दिसते, उभी गाडी त्याच्यासाठी भिंत. आणि तरी हिरवा येत नाही. मग चौथ्या पहाटे एक टेम्पोवाला आला, दोन-तीन मिनिटं थांबला, वैतागून दहा-बारा फूट मागे गेला आणि परत पुढे आला. मेन रोड तेव्हा मोकळा होता. एलईडी लागला आणि साइडची फेज लगेच सुरू झाली. हिरवा! त्याच्या अंगवळणी पडलं होतं ते, बिचाऱ्याला वाटत असेल सिग्नल असाच असतो. मी त्याच क्षणी दादाला फोन लावला, म्हटलं डिमांड लॅच होत नाहीये, म्हणजे एकदा लागली की धरून ठेवली जात नाहीये. गाडी आली तेव्हा मेन रोडला गाड्या चालू असल्या की तिकडे एक्स्टेन्शन चालू, म्हणजे हिरवा वाढत राहणार, तोवर साइडची गाडी थांबणार, आमचा रिले परत जागेवर, आणि कंट्रोलर ती डिमांड पुसून टाकणार. मेन रोड मोकळा असताना आली तरच लागणार. डिटेक्टरने गाडी बघितली होती, दर वेळी बघितली होती, कंट्रोलरने ती लक्षात ठेवली नव्हती.

आणि हे कसं झालं ते कोणत्याही सिग्नलवाल्याला कळेल. स्टॉप लाइनला लूप असतो तेव्हा डिमांड अनलॅच ठेवतात, गाडी लूपवर उभी आहे तोवर डिमांड जिवंत, गाडी वळून निघून गेली तर डिमांड रद्द, उगाच हिरवा वाया जात नाही. लूपसाठी ते बरोबर. पण लूपच्या जागी डॉप्लर आला की ते इनपुट लॅच करावं लागतं, कॉन्फिगरेशनमधली एक नोंद. ती करायचा अधिकार आम्हाला नव्हता, ज्यांना होता त्यांनी केली नाही. मुद्दाम की दुर्लक्षाने, मी आजही सांगू शकत नाही. पण कॉन्फिगरेशन शीट मागितल्यावर ती द्यायला नऊ दिवस लागले, आणि त्या नऊ दिवसांत त्यांनी लूपचं कोटेशन खात्यात ठेवलं, हे मी विसरलेलो नाही. आमची चूक एवढीच की शीट काम सुरू व्हायच्या आधी मागायला हवी होती. तुम्ही मागा. टर्मिनल नंबर मिळाला म्हणजे सगळं मिळालं असं समजू नका, लॅच आहे का, एक्स्टेन्शन किती, इनपुट कोणत्या फेजला, सगळं कागदावर घ्या आणि सही घ्या.

साहेबांनी त्यांच्या माणसाला स्वतः उभं करून नोंद बदलून घेतली. चार मिनिटांचं काम. त्या रात्री तिन्ही जंक्शनांवर आम्ही प्रत्येकी तासभर थांबलो, एकही गाडी अडकली नाही. दादा तेव्हा मला त्याची आवडती गोष्ट परत सांगत होता, १९२८ साली बाल्टिमोरमध्ये ॲडलर नावाच्या माणसाने सिग्नलला मायक्रोफोन लावला होता, गाडीवाल्याने हॉर्न वाजवला की साइडला हिरवा. म्हणाला, बघ, तेव्हापासनं एकच भांडण आहे, गाडी आलीय हे सिग्नलला सांगायचं कसं.

ते लेखी पत्र मात्र कधीच मागे घेतलं गेलं नाही. पुढची दोन-तीन वर्षं मी जिथे जाईन तिथे कोणीतरी म्हणायचं, मायक्रोवेव्ह ना, ऐकलंय आम्ही. मग त्या भागात रस्त्याचं मिलिंग, म्हणजे वरचा थर खरवडायचं काम, निघालं आणि मोठ्या फर्मचे लूप एका आठवड्यात उचकटले गेले, आमच्या आठ डब्या खांबावर जशाच्या तशा. तेव्हा कोणी पत्र लिहिलं नाही. कामं आपोआप यायला लागली.

आता स्टॉप लाइनला आम्ही डॉप्लर लावतच नाही. २४ गिगाहर्ट्झचे एफएमसीडब्ल्यू जातीचे रडार लावतो, फ्रिक्वेन्सी सतत सरकत राहते म्हणून उभ्या गाडीचंही अंतर कळतं, २०० मेगाहर्ट्झची रुंदी असली की पाऊण मीटरचा फरक ओळखतो. डॉप्लर फक्त लांबच्या ॲप्रोचला, एक्स्टेन्शनसाठी, तिथे त्याच्यासारखा दुसरा नाही. मोठ्या ट्रकमागे दडलेली मोटरसायकल दोघांनाही दिसत नाही, कोणी दिसते म्हणून विकायला आला तर त्याला रस्त्यावर उभा करा.

दादा गुडघ्यांमुळे वर चढत नाही, टेबलावर बसून परत आलेल्या डब्या उघडतो. साहेब रिटायर झाले, पण नवीन पोरगा घेतला की मी आधी त्यांच्याकडे नेतो, ते त्याला एकच प्रश्न विचारतात, लॅच म्हणजे काय. त्या पहिल्या कामाची राखून ठेवलेली रक्कम अजून आलेली नाही, सहा पत्रं दिली, सातवं तयार आहे. आणि त्या चारपैकी एका जंक्शनवरच्या दोन जुन्या डब्या अजून चालू आहेत, पुढच्या महिन्यात बदलायच्यात. उतरवल्यावर त्या कोणी भंगारात टाकायच्या नाहीत, असं मी टीमला सांगून ठेवलंय. दादाला पाहिजेत.