सोर्स नाही? मग सिस्टिम कॉल वाटेतच अडवा

एक जुनी बायनरी (कंपाइल केलेला प्रोग्रॅम) आहे, सोर्स कोड कुणाकडेच नाही. कॉन्फिग फाइल ती ईटीसी फोल्डरमधूनच उघडणार, पाथ आत पक्का बसवलेला. मला तिच्या दोन प्रती वेगवेगळ्या कॉन्फिगवर चालवायच्या होत्या. माउंट नेमस्पेसनं (प्रोसेसला फाइलींची वेगळी मांडणी दाखवणारी लिनक्सची सोय) हे काम सरळ झालं असतं, पण मला पीट्रेसशी, म्हणजे एका प्रोसेसनं दुसरीला थांबवून तिची मेमरी आणि रजिस्टरं बदलण्याच्या सोयीशी, खेळायचं होतं. हौस, दुसरं काय!

एलडी प्रीलोडचा (प्रोग्रॅम सुरू होताना आपली लायब्ररी आधी लोड करण्याची युक्ती) इथे उपयोग नाही, कारण बायनरी स्टॅटिक आहे, म्हणजे लागणाऱ्या लायब्ररी तिच्या आतच आहेत. डायनॅमिक लिंकर मधे येतच नाही, मग आपली लायब्ररी घुसवणार कुठून?

पीट्रेसचा सांगाडा छोटासाच. फोर्क करायचं (आपल्या प्रोसेसची प्रत, म्हणजे चाइल्ड, काढायची), चाइल्डनं ट्रेसमी म्हणून एक्झेक करायचं (म्हणजे ती बायनरी सुरू करायची) आणि पॅरेंटनं त्याला पुढे सोडत राहायचं. प्रत्येक सिस्टिम कॉलला (प्रोग्रॅमनं कर्नलकडे केलेली मागणी) चाइल्ड दोनदा थांबतो, कर्नलमध्ये शिरताना आणि बाहेर पडताना. एक्स८६-६४ वर कॉलचा नंबर ओरिग-आरएएक्समध्ये (आरएएक्स रजिस्टरची मूळ किंमत) मिळतो. फाइल उघडणाऱ्या ओपनॲटचा २५७, आणि पाथचा पॉइंटर आरएसआय रजिस्टरमध्ये.

खरी गंमत इथून पुढे. माझा नवा पाथ जुन्यापेक्षा लांब. जागच्या जागी लिहिला तर शेजारच्या स्ट्रिंगचा चुराडा. (रीड-ओन्ली पानावरही पीट्रेस बिनदिक्कत लिहू देतो, त्यामुळे चूक लगेच कळतही नाही.) म्हणून नवा पाथ चाइल्डच्याच स्टॅकवर ठेवायचा, आरएसपीच्या (स्टॅकचं टोक दाखवणारं रजिस्टर) खाली १२८ बाइटांचा रेड झोन (प्रोग्रॅम वापरत असू शकतो अशी जागा) सोडून, त्याच्याही खाली. मग आरएसआय तिकडे वळवायचा. कॉल संपला की आरएसआय पूर्ववत करायचा, हे विसरायचं नाही. कर्नल फक्त आरएएक्स, आरसीएक्स आणि आर११ बदलतो, बाकीची रजिस्टरं जशीच्या तशी मिळतील असं कंपायलर गृहीत धरून चाललेला असतो.

कॉल होऊच द्यायचा नसेल तर शिरताना नंबर उणे एक करा आणि बाहेर पडताना आरएएक्समध्ये हवं ते उत्तर ठेवा. अनलिंकला शून्य दिलं की फाइल उडाली असं प्रोग्रॅम समजतो. फाइल आपली जागच्या जागी!

वेग मात्र रडवतो. दर कॉलला दोन थांबे, म्हणजे नुसती ये-जा. सेककॉम्प फिल्टर (कोणते कॉल अडवायचे ते कर्नलमध्येच ठरवणारा) जोडून फक्त ओपनॲटलाच थांबवलं की बरंच हलकं होतं. सुरक्षेसाठी म्हणून ही पीट्रेसची युक्ती कुणी वापरत असेल तर मला ते पटत नाही. आपण पाथ तपासल्यावर आणि कर्नलनं तो वाचण्याआधी दुसरा थ्रेड ती मेमरी बदलू शकतो.

आता हे सगळं सेककॉम्पच्या युजर नोटिफिकेशनवर (कॉल अडवून निर्णय दुसऱ्या प्रोसेसकडे सोपवण्याची सोय) हलवतोय. ती सोय लिनक्स ५.० पासून आहे. तिथे आर्ग्युमेंट बदलता येत नाहीत, पण ५.९ पासून आपण फाइल स्वतः उघडून तिचा डिस्क्रिप्टर (उघडलेल्या फाइलचा क्रमांक) थेट चाइल्डच्या हातात देऊ शकतो. स्टॅकची कसरत संपली. शिवाय एका प्रोसेसला एकच ट्रेसर चालत असल्यामुळे इतके दिवस जीडीबी (पीट्रेसवरच चालणारा डीबगर) लावता येत नव्हता, तो आता लावता येईल.